डेटा संपल्यावरही उघडेल असं पान: सोलापुरातल्या दुकानाची वेबसाइट सगळ्या वेगांवर कशी पोचवावी

सोलापुरात वेबसाइटचं काम बहुतेकदा चादरी-टॉवेलवाल्यांकडून, युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडून, नाहीतर शेंगाचटणी आणि कडक भाकरी बाहेरगावी पाठवणाऱ्यांकडून येतं. साइट एकच, पण ती बघणाऱ्यांचं नेट एकसारखं नसतं. मुंबईतला घाऊक व्यापारी ऑफिसच्या फायबरवर कॅटलॉग चाळतो. मंगळवेढ्याचा कापड दुकानदार एसटीत बसून भाव बघतो. अक्कलकोटचा कोणीतरी रात्री दुकान बंद करून तेच पान उघडतो, तेव्हा त्याचा दिवसाचा डेटा संपलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो.

हा आकडा मनात पक्का ठेवा. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ८ किलोबाइट. फोनच्या कॅमेऱ्यातून काढून तसाच चढवलेला ३ एमबीचा फोटो या वेगाने यायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. तोच फोटो नीट लहान करून ६० केबीचा केला तर साडेसात सेकंद. आणि मालाचं नाव, भाव, फोन नंबर एवढा मजकूर असेल तर दोन-चार सेकंदांत समोर येतो. पुढे जे सांगितलंय ते सगळं या एकाच क्रमातून निघतं: सगळ्यात मंद लाइनवर जे पोचलंच पाहिजे ते आधी पाठवा, बाकीचं ज्याच्या लाइनला झेपेल त्याला मागाहून मिळू द्या. जड साइट आधी बनवून नंतर हलकी करत बसणं फार महागात पडतं, कारण तोवर मालकाला प्रत्येक सरकतं चित्र आवडलेलं असतं.

वेग आणि विलंब वेगवेगळे धरा

नवीन मुलं "स्पीड" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एमबीपीएसचा आकडा असतो. पण मोबाइल नेटवर पान अडतं ते जास्त करून विलंबामुळे. सोलापूर-पुणे रस्ता चौपदरी झाला म्हणून एका वेळी जास्त गाड्या जाऊ लागल्या, पुणं मात्र अडीचशे किलोमीटरवरच राहिलं. नेटचंही तसंच आहे. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी, आणि विलंब म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ.

पान मागवल्यावर पहिला बाइट येण्याआधी फोनला अशा बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. साइटचा पत्ता शोधायला एक, सर्व्हरशी जोडणी करायला एक, कुलूपबंद जोडणी ठरवायला टीएलएस या सुरक्षेच्या पद्धतीच्या २०१८ च्या १.३ आवृत्तीत एक आणि जुन्या १.२ मध्ये दोन, आणि मग प्रत्यक्ष मागणीची एक. एका खेपेला १५० मिलिसेकंद धरले तर चार खेपांचे ६०० मिलिसेकंद नुसत्या तयारीत जातात. गर्दीच्या टॉवरवर एक खेप ४०० ची झाली तर दीड सेकंदाहून जास्त. तुमच्या पानाने आणखी चार-पाच वेगळ्या साइटींवरून फॉन्ट, चॅट, आकडेमोडीची स्क्रिप्ट मागवली, तर तितक्या नव्या ठिकाणांसाठी यातल्या बऱ्याच खेपा पुन्हा होतात.

यातच एक कामाचा आकडा आहे. नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर एकदम सगळं ओतत नाही. आधी माहितीची साधारण दहा पाकिटं पाठवतो, पोच आली की वाढवतो. दहा पाकिटं म्हणजे अंदाजे १४ केबी. म्हणून पानाच्या पहिल्या १४ केबीत, दाबून लहान केल्यावर, दुकानाचं नाव, मालाची यादी, भाव आणि संपर्क बसला पाहिजे. ते बसवता येतं.

कामाला लागण्याआधी मोजा

लॅपटॉपवर क्रोम उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर जा आणि "डिसेबल कॅश"वर खूण करा. वेग निवडायच्या यादीत तयार प्रकार मिळतात, पण स्वतःचा एक घाला: ६४ केबीपीएस, विलंब ५०० मिलिसेकंद. पान उघडा आणि हात न लावता बघत बसा. खालच्या पट्टीत एकूण किती फाइली मागवल्या आणि किती केबी-एमबी आले ते दिसतं. त्याच यादीत आकारानुसार क्रम लावला की मोठे चोर वर येतात. हे पडदाचित्र काढून ठेवा. मालकाशी बोलताना याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

डेव्हलपर टूल्समध्येच असलेल्या लाइटहाउस या पान तपासणाऱ्या साधनाची चाचणीही करा. ती मोबाइलसाठी १.६ एमबीपीएस आणि १५० मिलिसेकंद विलंब धरते, शिवाय प्रोसेसर चारपट मंद असल्यासारखं वागते. तो प्रोसेसरचा भाग महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त फोनवर फाइल येऊनही पान हलत नाही. आलेली स्क्रिप्ट चालवण्यातच फोन दमतो.

आणि एवढ्यावर थांबू नका. घरातला जुना, कमी रॅमचा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि बाहेर पडा. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणार असाल तर कुर्डुवाडीपर्यंत पान मधूनमधून उघडून बघा. चालत्या गाडीत टॉवर बदलत जातो, जोडणी तुटते, परत लागते. टेबलावर बसून हे नीट उभं करता येत नाही.

मजकूर मजकूरच राहू द्या

सोलापुरातल्या कितीतरी साइटींवर भावपत्रक हे चित्र असतं. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, मग त्याचा जेपीजी किंवा पीडीएफ करून चढवलेलं. ते दीड-दोन एमबीचं असतं, फोनवर बोटांनी मोठं करून वाचावं लागतं, शोधात सापडत नाही, आणि एक भाव बदलायचा तर परत डीटीपीवाल्याकडे जावं लागतं. तोच मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, बदलणारी साधनं आहेत, आणि साध्या तक्त्यात मांडा. चाळीस-पन्नास मालांची यादी काही केबींत मावते. मला एकच सुधारणा करायची मुभा दिली तर मी हीच करेन.

मराठी मजकूर जड असतो अशी एक तक्रार ऐकू येते, त्यात अर्धं तथ्य आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. पण देवनागरीच्या त्या तीन बाइटांतला पहिला सगळीकडे तोच असतो आणि दुसऱ्याचे दोनच प्रकार येतात. असा वारंवार येणारा साचा दाबायला सोपा असतो, त्यामुळे सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रोटली ही मजकूर दाबून पाठवायची पद्धत चालू असेल तर मराठी पान छान आकसतं. सर्व्हरवर ते चालू आहे का हे नेटवर्कच्या टॅबमध्ये पानाच्या ओळीवर टिचकी मारून उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या सूचनांच्या ओळींत, बघा. "कंटेंट-एन्कोडिंग" ही ओळच नसेल तर होस्टिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन आज चालू करा. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

अट एवढीच की सर्व्हरने भरलेलं पान पाठवायचं. कोरं पान पाठवून भाव जावास्क्रिप्टने नंतर मागवायचे, अशी पद्धत हल्ली शिकवतात. मंद लाइनवर तिचा अर्थ होतो कोरा पडदा. चादरींच्या कॅटलॉगला तिची गरज नाही.

फॉन्टचंही इथेच आटपून घेऊ. अँड्रॉइडमध्ये नोटो आणि आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी आधीपासून असतात. मुख्य मजकुराला तेच वापरा, एकही बाइट खर्च होत नाही. मथळ्याला खास फॉन्ट हवाच असेल तर डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारात एकच जाडी घ्या, आणि "फॉन्ट-डिस्प्ले"ला "स्वॅप" द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत अक्षरं लपून राहत नाहीत. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड गिऱ्हाईकही आहे, तेव्हा तिन्ही लिप्या ठेवायच्या असतील तर "युनिकोड-रेंज" लावून प्रत्येक लिपीची फाइल वेगळी करा. पानावर जी लिपी असेल तेवढीच फाइल ब्राउझर उतरवतो. फॉन्ट छाटताना मात्र जपा. नुसती मुळाक्षरं ठेवली आणि जोडाक्षरांचे नियम उडाले, तर "सिद्धेश्वर"मधला द्ध आणि श्व फुटून हलन्ताची अक्षरं उघडी पडतात. सोलापुरात ते नाव चुकीचं छापलं जाणं कोणालाच आवडणार नाही. छाटल्यावर असे दहा-बारा शब्द टाकून तपासा.

फोटो: इथेच खरी लढाई आहे

कापडाचा फोटो हा दाबायला अवघड फोटो आहे, हे आधी मान्य करा. जेपीजी किंवा वेबपी हे फोटो साठवायचे प्रकार सपाट भाग फार स्वस्तात साठवतात आणि बारीक, सतत बदलणाऱ्या पोतावर बाइट खर्च करतात. टेरी टॉवेलवर तर सगळीकडे उभी राहिलेली दोऱ्याची वेटोळी असतात आणि प्रत्येकाची इवलीशी सावली पडते. एकाच मापाचे, एकाच दर्जाचे दोन फोटो घ्या, एक स्टीलच्या डब्याचा आणि एक टॉवेलचा. टॉवेलची फाइल मोठी निघणार. जेकार्डच्या चादरीत त्यात भर म्हणून नक्षी परत परत येते, आणि फोटो भलत्याच मापाला लहान केला की कापडावर नसलेल्या लाटा दिसू लागतात. गिऱ्हाईकाला वाटतं मालच तसा आहे.

म्हणून एकाच फोटोकडून दोन कामं करून घेऊ नका. यादीत पूर्ण चादर दिसेल असा लहान फोटो ठेवा; त्यात रंग आणि नक्षी कळली की झालं, पोत कळायची गरज नाही. पोत दाखवायला वीतभर तुकड्याचा जवळून काढलेला वेगळा फोटो ठेवा आणि तो बोट लावल्यावरच मागवा. ज्याला खरंच विणकाम बघायचंय तो थांबतो. बाकीच्यांवर तो भार टाकायचं कारण नाही.

मापांचं गणित असं. साध्या फोनचा पडदा वेबच्या हिशोबात ३६० पिक्सेल रुंद असतो, पण प्रत्यक्ष ठिपके दुप्पट-तिप्पट असतात, म्हणजे ७२० ते १०८०. त्यामुळे प्रत्येक फोटो ४००, ८०० आणि १२०० रुंदीत करून ठेवा आणि "सोर्ससेट" व "साइझेस" लिहून तिन्हींची नावं ब्राउझरला सांगा. पडदा किती, ठिपके किती दाट, पानात फोटोला जागा किती, हे त्याला ठाऊक असतं. तो योग्य तो उचलतो. "पिक्चर" टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीजी असा क्रम द्या. ज्या फोनला नवा प्रकार कळत नाही तो खालचा घेतो.

पहिल्या पडद्याच्या खालच्या सगळ्या फोटोंना "लोडिंग"मध्ये "लेझी" द्या. पहिल्या मोठ्या फोटोला ते देऊ नका, नाहीतर जो आधी यायला हवा तोच उशिरा येतो. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा. ती नसली की मंद लाइनवर फोटो येईल तसं पान खाली ढकललं जातं, आणि गिऱ्हाईक "फोन करा"वर बोट ठेवायला जातं ते भलत्याच ठिकाणी पडतं.

मालक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तसा आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, आणि तुम्ही परत दाबला की कापड मेणासारखं दिसतं. त्यांना फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल येते. त्या मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याची नोंदही असू शकते. घरच्या मागावर काढलेल्या फोटोत घराचा ठावठिकाणा जाऊ नये, म्हणून चढवण्याआधी ती माहिती काढून टाका. वजनही थोडं घटतं.

स्क्रिप्ट, नकाशे आणि सरकती चित्रं

इथे मी कठोर आहे. पाच फोटोंचं सरकतं चित्र काढा, पहिला ठेवा. चॅटचा डबा काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपची साधी लिंक द्या, गिऱ्हाईक तसंही तिथेच बोलणार आहे. पानात रुतवलेला नकाशा काढा. पत्ता मजकुरात लिहा आणि "नकाशावर बघा" ही लिंक ठेवा, फोन आपलं नकाशाचं अ‍ॅप उघडतो. जी स्क्रिप्ट राहील ती "डिफर" लावून मागे ढकला.

व्हिडिओ असेल तर

मागावर चादर विणली जाताना दाखवायची मालकांना हौस असते आणि ती रास्त आहे. पण हलता माग म्हणजे प्रत्येक चौकटीत बदल, त्यामुळे असा व्हिडिओ लहान करायला अवघड. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ कधीच ठेवू नका. एक स्थिर चित्र ठेवा आणि बटणावर आकार लिहा: "माग चालताना बघा, ६ एमबी". ज्याचा डेटा संपत आलाय तो वाचून ठरवेल.

व्हिडिओ बरेच असतील तर एकच फाइल ठेवून भागत नाही. तिथे ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस किंवा तिच्यासारखी डॅश ही पद्धत लागते. एकाच व्हिडिओच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती करतात, प्रत्येकीचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात आणि कुठला तुकडा कुठे आहे याची यादी ठेवतात. फोनमधला प्लेअर मागचा तुकडा यायला किती वेळ लागला ते मोजतो. सहा सेकंदांचा तुकडा दोन सेकंदांत आला तर पुढचा वरच्या दर्जाचा मागतो, पाच-सहा सेकंद लागले तर खाली उतरतो. तुकडे करायला एफएफएमपेग हे मोफत साधन पुरतं. सगळ्यात खालची पायरी खरोखर खालची ठेवा. हे सगळं नको असेल तर व्हिडिओ यूट्यूबवर टाका, पण त्याचा प्लेअर पान उघडताच आणू नका. चित्रावर बोट लावल्यावर आणा.

लाइन ओळखून पान बदलावं का?

क्रोममध्ये लाइन किती वेगाची आहे ते सांगणारा "इफेक्टिव्ह टाइप" विचारता येतो, तो "स्लो-२जी"पासून "४जी"पर्यंत चारांतलं एक उत्तर देतो. डेटा वाचवायचं सेटिंग लावलं असेल तर "सेव्ह-डेटा" असा हेडरही येऊ शकतो. याच्यावर पान उभं करू नका. सफारी आणि फायरफॉक्समध्ये हा वेग विचारायची सोय नाही, आणि क्रोममधलं उत्तर म्हणजे थोड्या वेळापूर्वीचा अंदाज असतो. चैनीची गोष्ट वगळायला तो वापरा: "सेव्ह-डेटा" आला तर मोठे फोटो नकोत, बस्स. भाव आणि फोन नंबर कोणत्याही अंदाजावर अवलंबून नसावेत.

फोनवर पूर्ण दांड्या दिसतात आणि तरी काही उघडत नाही, हा अनुभव जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला पंढरपुरात सगळ्यांनी घेतलाय. दांड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. त्या टॉवरवर किती लोक वाटेकरी आहेत ते सांगत नाहीत. यात्रेत दुकान लावणाऱ्याची साइट करत असाल तर त्या दिवसांसाठी फोटो नसलेलं, नुसत्या मजकुराचं पान करा आणि क्यूआर कोडवर तेच द्या.

सर्व्हर आणि साठवण

स्वस्त होस्टिंग घेताना सर्व्हर कुठल्या देशात आहे ते विचारा. अमेरिकेत असेल तर प्रत्येक खेपेला दोनशे मिलिसेकंदांच्या वर सहज जातात. मुंबईत केंद्र असलेला सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती गिऱ्हाईकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, पुढे लावला की फोटो आणि फाइली तिथूनच मिळतात. लहान साइटीसाठी मोफत योजनाही असतात. पान पाठवायच्या पद्धतीची नवी आवृत्ती एचटीटीपी-३, तिची सोय असेल तर चालू करा. ती क्विक (QUIC) या जोडणीच्या पद्धतीवर चालते, जोडणीची तयारी कमी खेपांत होते, आणि गिऱ्हाईक दुकानाच्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल नेटवर आलं तरी जोडणी तशीच पुढे चालू ठेवायची तिच्यात सोय आहे.

एकदा आलेली फाइल परत मागवायला लागू नये. फोटो आणि स्टाइलच्या फाइलींच्या नावात आवृत्तीची खूण घाला आणि फाइल फोनमध्ये किती काळ ठेवायची ते सांगणारा "कॅश-कंट्रोल" हेडर एक वर्षाचा द्या, म्हणजे "मॅक्स-एज" ३१५३६०००. फाइल बदलली की नाव बदलेल, जुनी अडणार नाही. मुख्य पानाला मात्र "नो-कॅश" द्या. त्यात ब्राउझर दर वेळी विचारतो की बदललंय का, आणि बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ असं छोटं उत्तर देतो. सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारी छोटी स्क्रिप्ट, लावून भावपत्रक नेट नसतानाही दाखवता येतं, पण त्यावर "भाव अमुक तारखेचे" हे ठळक हवं. सुताचे भाव हलले की जुनं पान दाखवून सौदा ठरायचा आणि भांडण लागायचं.

ऑर्डरचा फॉर्म असेल तर फोनवरच प्रत्येक ऑर्डरला एक वेगळा क्रमांक तयार करून बरोबर पाठवा. उत्तर आलं नाही म्हणून गिऱ्हाईक दोनदा बटण दाबतं. क्रमांक तोच असेल तर सर्व्हर दुसरी ऑर्डर टाकत नाही. पाच डझनांऐवजी दहा डझन टॉवेल पार्सलला लागायचे राहतात. भरलेला मजकूर पाठवेपर्यंत फोनमध्ये जपून ठेवा, लाइन तुटली तर परत टाइप करायला लावू नका.

साइट चालू झाल्यावर

मालकाशी पहिल्या बैठकीतच वजनाची मर्यादा लिहून घ्या. छोट्या कॅटलॉगसाठी मी पहिल्या पडद्याला १५० केबी धरतो. ६४ केबीपीएसवर एवढं पूर्ण यायला एकोणीसेक सेकंद लागतात, पण मजकूर आधी येत असल्यामुळे वाचणं तेवढ्यासाठी अडत नाही. नवीन काही घालायचं म्हटलं की त्याचं वजन सांगा आणि त्याबदल्यात काय काढायचं ते विचारा.

गूगलच्या मोजणीत मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला तर चांगलं मानतात, आणि तो हिशोब शंभरातल्या पंचाहत्तर भेटींवर लावतात. उरलेल्या पंचवीस भेटी त्या निकालात दिसत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात त्या पंचवीस करमाळ्याच्या, सांगोल्याच्या, बार्शीच्या वाड्यावस्त्यांवरच्या असण्याचा संभव जास्त. शिवाय लहान साइटीला पुरेशा भेटी नसतील तर गूगलकडे तिचे आकडेच नसतात. म्हणून "वेब-व्हायटल्स" ही छोटी मोफत लायब्ररी लावून आकडे स्वतः गोळा करा, आणि यादी मंद बाजूने वाचायला घ्या. वरच्या दहा ओळींत कोणतं पान आणि कोणती फाइल परत परत येते ते बघा, पुढच्या महिन्याचं काम तिथून सुरू करा.